डेटा सेंटरचं पाणी, डेटा सेंटरची वीज: मीटर आहे, मग आकडा कुठे आहे?

सांजवारा

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी द डॅल्स नावाचं छोटं शहर आहे. तिथे गूगलचं डेटा सेंटर आहे, म्हणजे अहोरात्र चालणाऱ्या संगणकांची (सर्व्हरची) भलीमोठी इमारत. २०२१ मध्ये 'द ओरेगोनियन' या वर्तमानपत्राने शहराकडे एक साधी माहिती मागितली: या डेटा सेंटरला वर्षाला किती पाणी पुरवता? शहराने नकार दिला. जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी 'माहिती द्या' असा आदेश काढला, तर शहराने उलट वर्तमानपत्रालाच न्यायालयात खेचलं. पाण्याचा आकडा हे कंपनीचं व्यापारी गुपित आहे, असं शहराचं म्हणणं होतं. तेरा महिने हे चाललं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तडजोड होऊन आकडा बाहेर आला: २०२१ या एका वर्षात सुमारे १३४ कोटी लिटर. शहरातल्या एकूण वापराच्या पाव हिश्श्याहून जास्त, आणि पाच वर्षांत जवळजवळ तिप्पट झालेला.

माझ्या मनात राहिले ते तेरा महिने. नळजोडणीला मीटर असतो. कुणीतरी त्याचं रीडिंग घेतं, त्यावर बिल निघतं, बिल भरलं जातं. म्हणजे हा आकडा शोधून काढायचा नव्हताच. तो पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी वहीत लिहिलेला होता.

गेली तीन वर्षं मी या विषयावरच्या बातम्या नेमाने वाचते आहे, कात्रणं ठेवते आहे. बहुतेक बातम्या दोन टोकांच्या असतात. एक म्हणते, जगाची वीज आणि पाणी संपत आलं. दुसरी म्हणते, काळजी नको, जगाच्या एकूण विजेत डेटा सेंटरचा वाटा दीड टक्काच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालात हा दीड टक्का खरंच आहे: २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॉट-तास, आणि २०३० पर्यंत तो आकडा ९४५ च्या आसपास जाईल असा अंदाज. पण जगाची सरासरी कुणाच्याच दारात उभी राहत नाही. डेटा सेंटर एका विशिष्ट गावाशेजारी, एका विशिष्ट उपकेंद्रावर, एका विशिष्ट जलस्रोतावर उभं असतं. आयर्लंडमध्ये २०१५ साली एकूण मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के वीज डेटा सेंटरला जायची. २०२३ मध्ये ती २१ टक्के झाली, त्या देशातल्या सगळ्या शहरी घरांच्या विजेहून जास्त. हे कळलं, कारण तिथलं सांख्यिकी कार्यालय मीटरच्या नोंदींवरून दरवर्षी हा आकडा छापतं.

माझं मत सरळ आहे. प्रत्येक जागेचा वेगळा आकडा हवा, महिन्यागणिक हवा, लिटरमध्ये आणि युनिटमध्ये हवा. टक्केवारी आणि गुणोत्तरं त्यानंतर. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रात असेल तर जरूर लिहा. मला बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच कळतं.

कवडसा

फार गरजेचा धागा. वाचतोय.

पंपहाऊस

मी याच क्षेत्रातला. डेटा सेंटरच्या कूलिंगवर अकरा वर्षं काम करतोय, त्यातली बरीच शिफ्टवर. मीटर जवळून कसा दिसतो ते सांगतो.

सर्व्हरमध्ये जाणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती बाहेर टाकावी लागते. आमच्याकडे ती चिलरच्या, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या, पाण्यातून गच्चीवरच्या कूलिंग टॉवरपर्यंत येते. टॉवरमध्ये गरम पाणी वरून जाळीदार पॅकिंगवर पसरतं, पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. गच्चीवर गेलं की चेहऱ्याला ओलसर ऊब लागते. ती ऊब म्हणजे खालच्या हॉलमधले सर्व्हर.

हिशोब अवघड नाही. एक युनिट उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने घालवायची तर साधारण दीड लिटर पाणी उडतं. एक मेगावॉटचा सर्व्हरभार अहोरात्र चालला तर दिवसाला २४,००० युनिट होतात, म्हणजे ३६,००० लिटर वाफ. गोष्ट तिथे संपत नाही. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे राहतात. ते साठत गेले तर पाइपात आणि कंडेन्सरमध्ये थर बसतो, म्हणून पाण्याची कंडक्टिव्हिटी (क्षारांबरोबर वाढणारी विद्युतवाहकता) ठरावीक पातळीला पोचली की ते गटारात सोडावं लागतं. याला आम्ही ब्लोडाउन म्हणतो. क्षार चौपट होईपर्यंत पाणी फिरवलं तर ब्लोडाउन वाफेच्या एक तृतीयांश, म्हणजे आणखी १२,००० लिटर. मेकअपच्या, म्हणजे टॉवरमध्ये नव्याने भरलेल्या पाण्याच्या, मीटरवर त्या दिवशी ४८,००० लिटर दिसणार. येणारं पाणी मुळातच क्षारयुक्त असेल तर आणखी जास्त.

आता मुद्द्याचं. हिवाळ्यात रात्रीच्या शिफ्टला मीटरचा काटा जेमतेम सरकतो, कारण बाहेरची हवाच पुरेशी गार असते. कडक उन्हाळ्यात तो नुसता गरगरतो. नदी, तलाव, बोअर सगळं आटलेलं असतं त्याच आठवड्यांत आमची उचल सर्वांत जास्त असते. आणि अहवालात काय जातं? वर्षाची एक बेरीज. बारा महिन्यांची लॉगशीट माझ्या हातून भरलेली असते आणि बाहेर जाताना तिचा एकच आकडा उरतो. सांजवाराताई महिन्यागणिक आकडा मागतात तो अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवून.

त्रैराशिक

धाग्याच्या हेतूशी सहमत, पण एक काळजी मांडतो. या विषयातली आकड्यांची परंपरा फार वाईट आहे आणि तिने खऱ्या प्रश्नाचंच नुकसान केलंय.

१९९९ मध्ये 'फोर्ब्स'मध्ये एक लेख आला होता. दशकभरात अमेरिकेच्या वीजजाळ्यातली निम्मी वीज संगणक आणि इंटरनेट खातील, असं त्यात भाकीत होतं. तसं काहीही झालं नाही. २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरचं गणनकाम सुमारे ५५० टक्क्यांनी वाढलं, वीज मात्र ६ टक्क्यांच्या आसपासच वाढली. जुने, अर्धवट वापरातले सर्व्हर गेले, मोठी आणि कार्यक्षम केंद्रं आली.

मग इंटरनेटवर व्हिडिओ पाहण्यातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा एक आकडा जगभर फिरला. पुढे कळलं की फ्रान्सच्या 'शिफ्ट प्रोजेक्ट'च्या त्या आकड्यात बिट आणि बाइटची गल्लत झाली होती, म्हणजे थेट आठपट फरक. संस्थेने चूक मान्यही केली, पण मूळ बातमी वाचलेल्यांपैकी किती जणांनी दुरुस्ती वाचली असेल?

आता सगळीकडे ऐकू येतं ते 'एआयला एक प्रश्न विचारला की अर्धा लिटर पाणी जातं'. मूळ शोधनिबंध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या शाओलेई रेन आणि सहकाऱ्यांचा, २०२३ चा. त्यांनी लिहिलं होतं की जीपीटी-३ या एआय मॉडेलच्या मध्यम लांबीच्या १० ते ५० उत्तरांना मिळून अर्धा लिटर, आणि तेही कुठे आणि कधी चालवलं यावर अवलंबून. शिवाय वीजनिर्मितीला लागणारं पाणी त्यात धरलेलं. बातम्यांच्या मथळ्यांत 'दहा ते पन्नास' गळून पडले.

वाचकाला अशी फसगत दोनदा कळली की तिसऱ्यांदा खरा आकडाही तो बाजूला सारतो. माझी भीती ती आहे.

सांजवारा

त्रैराशिक, तुमची भीती मलाही आहे. पण या चुका कुठून आल्या तेही पाहा. ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांनी आकडा दिला नाही, म्हणून बाहेरच्या माणसाने गृहीतकांची शिडी लावली. प्रत्येक पायरी थोडी हलली तरी वर पोचेपर्यंत दहापट फरक पडतो.

आणि २०१८ पर्यंतची ती सपाट रेघ पुढे टिकली नाही. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे अमेरिकेतली डेटा सेंटर २०१४ मध्ये ५८ टेरावॉट-तास वीज वापरत होती. २०२३ मध्ये ती १७६ झाली, म्हणजे देशाच्या विजेच्या ४.४ टक्के. २०२८ चा अंदाज ३२५ ते ५८०. या अंदाजाची रुंदी बघा. देशातली इतकी मोठी प्रयोगशाळा, संसदेच्या कायद्याने सोपवलेलं काम, आणि तरी चार वर्षांनंतरचा आकडा एवढ्या फरकाने सांगावा लागतो. किती यंत्रं विकली जातील, ती किती तास चालतील, हे सगळं त्यांना बाहेरूनच ताडावं लागलं.

कवडसा

एक अगदी प्राथमिक प्रश्न. बातमीत कधी 'गिगावॉट' लिहितात, कधी 'टेरावॉट-तास'. दोन्ही एकच का? परवा एका लेखात 'वर्षाला एक गिगावॉट वीज' असं वाचलं.

पंपहाऊस

चांगला प्रश्न. ही गल्लत व्यवसायातलेही करतात. वॉट म्हणजे वेग, वॉट-तास म्हणजे एकूण. नळाची धार किती जोरात आहे ते वॉट, बादलीत किती पाणी जमलं ते वॉट-तास. आपलं घरगुती 'युनिट' म्हणजे एक किलोवॉट-तास. टेरावॉट-तास म्हणजे एक अब्ज युनिट. एक गिगावॉटची धार वर्षभर सलग सुरू राहिली तर ८.७६ अब्ज युनिट जमतात. 'वर्षाला एक गिगावॉट' या वाक्याला अर्थच नाही. ते दिसलं की त्या लेखातला पुढचा आकडा जपून घ्या.

आणखी एक. जाहीर झालेली क्षमता आणि प्रत्यक्ष भार हे फार वेगळे असतात. शंभर मेगावॉटची जोडणी मंजूर झाली की बातमीत शंभर येतो. पहिली दोन वर्षं तिथे पंधरा-वीसच चालत असतील. उलटही होतं, दहा वर्षांपूर्वीचा भार आजही तोच धरून लिहिणारे आहेत.

खतावणी

मी कंपन्यांच्या उत्सर्जनाच्या हिशोबाचं काम करते. विजेच्या रकान्याबद्दल लिहिते, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे.

विकत घेतलेल्या विजेच्या उत्सर्जनाचे दोन हिशोब असतात. २०१५ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही द्या असं सांगतात. पहिला स्थानाधारित: तुमचं केंद्र ज्या वीजजाळ्याला जोडलेलं आहे, त्या जाळ्यात प्रत्यक्ष कोळसा, वायू, जलविद्युत किती, त्यावरून. दुसरा बाजाराधारित: तुम्ही कुणाशी करार केले, कोणती अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रं घेतली, त्यावरून. दुसऱ्या हिशोबात, दुपारी लांबच्या एखाद्या जागी तयार झालेल्या सौरविजेचं प्रमाणपत्र रात्री दोन वाजता कोळशाच्या जाळ्यावर चालणाऱ्या केंद्रासमोर मांडता येतं आणि उत्सर्जन शून्य दिसतं. हे नियमात बसतं. त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. चांगले दीर्घ मुदतीचे करार खरोखर नवे सौर आणि पवन प्रकल्प उभे करतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण वाचकासमोर दुसराच रकाना येतो आणि पहिला परिशिष्टात राहतो.

'द गार्डियन'ने सप्टेंबर २०२४ मध्ये हेच केलं: परिशिष्टं उघडली. गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा आणि अ‍ॅपल यांच्या स्वतःच्या डेटा सेंटरचं २०२० ते २०२२ मधलं उत्सर्जन स्थानाधारित हिशोबाने मोजलं, तर ते अधिकृत आकड्याच्या सुमारे ७.६२ पट निघालं. कंपन्यांच्याच कागदांतून. मला ही या विषयातली सर्वांत प्रामाणिक बातमीदारी वाटते, कारण तिच्यात गृहीतकं जवळजवळ नाहीत.

गूगलचा २०२४ या वर्षाचा अहवाल घ्या. डेटा सेंटरची वीज २७ टक्क्यांनी वाढली आणि डेटा सेंटरच्या ऊर्जेतलं उत्सर्जन १२ टक्क्यांनी घटलं, अशी दोन्ही वाक्यं तिथे आहेत. मथळ्यात बहुतेक ठिकाणी एकच आलं. कोणतं, ते त्या वर्तमानपत्राच्या कलावर ठरलं.

सध्या हे नियम बदलायची प्रक्रिया सुरू आहे. प्रमाणपत्र त्याच जाळ्यातलं आणि त्याच तासाचं हवं, असा प्रस्ताव आहे. तो जसाच्या तसा टिकला तर बऱ्याच जणांचं शून्य शून्य राहणार नाही.

पंपहाऊस

खतावणीताईंनी रकाना काढलाच आहे तर पीयूईबद्दल लिहून टाकतो, कारण त्याने मला वर्षानुवर्षं छळलंय.

पीयूई म्हणजे केंद्राला लागणारी एकूण वीज भागिले सर्व्हरला लागणारी वीज. आदर्श आकडा १. उद्योगाची सरासरी अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत १.५६ होती. गूगल आपली सरासरी १.०९ सांगतं. कूलिंगमध्ये किती वीज वाया जाते हे कळायला तो उत्तम आहे. पण बातमीत तो 'पर्यावरणस्नेही' असल्याचा दाखला म्हणून येतो, आणि ते त्याचं काम नाही. शंभर मेगावॉट खाणाऱ्या केंद्राचा पीयूई दहा मेगावॉटवाल्यापेक्षा चांगला असू शकतो. भागाकारात आकारमान नाहीसं होतं.

शिवाय तो हलवता येतो. हॉलचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढवलं की चिलरची वीज वाचते. पण तेवढ्यात सर्व्हरचे आतले पंखे जोरात फिरू लागतात, आणि त्यांची वीज 'सर्व्हरची' म्हणून मोजली जाते. गुणोत्तर सुधारतं. बिल कधी कमी होतं, कधी होतही नाही. तसंच पाण्याचं. बाष्पीभवन वाढवलं की वीज वाचते आणि पीयूई सुंदर दिसतो. किंमत पाण्याच्या मीटरवर उमटते, जो त्या गुणोत्तरात नाहीच.

एकदा मी काम करत होतो तिथे वार्षिक अहवालात पीयूई छापून आला. तो आमच्या मीटरचा नव्हता. इमारतीचा आराखडा झाला तेव्हा सल्लागाराने पूर्ण भारावर काढलेला होता. आमची केंद्रं तेव्हा एक तृतीयांशही भरलेली नव्हती, आणि कमी भारावर गुणोत्तर बिघडतंच. मी मोजलेला आकडा पाठवला. उत्तर आलं की छपाईची तारीख गेली. पुढच्या वर्षीही आराखड्याचाच आकडा गेला. त्या दोन्ही वर्षांच्या लॉगशीटवर माझी सही आहे, म्हणून आजही टोचतं.

उत्तररात्र

दुसरी बाजूही या धाग्यावर असावी म्हणून लिहितो. मी जागा भाड्याने देणाऱ्या डेटा सेंटर व्यवसायात आहे. आमच्या इमारतीत वेगवेगळ्या ग्राहकांचे सर्व्हर असतात. विजेचा तपशीलवार आकडा बाहेर गेला तर कोणत्या ग्राहकाने किती यंत्रं वाढवली याचा स्पर्धकाला अंदाज येतो. करारात गोपनीयतेची कलमं असतात, ती मोडली तर आम्ही कामातून जाऊ. सुरक्षेचाही प्रश्न आहे. सगळी गुप्तता वाईट हेतूनेच असते असं नाही.

सांजवारा

उत्तररात्र, लिहिलंत हे फार बरं केलंत. ग्राहकागणिक आकडा कुणीच मागत नाही. अख्ख्या जागेची महिन्याची बेरीज, सहा महिने उशिरा आली तरी चालेल. त्यातून एखाद्या ग्राहकाची यंत्रं मोजता येतील का? आणि हे अशक्य नाही याचा पुरावा द डॅल्सच देतं. २०२२ मध्ये तो वाद मिटण्याच्या सुमारास गूगलने अमेरिकेतल्या आपल्या केंद्रांच्या पाण्याचा जागानिहाय आकडा स्वतःहून छापायला सुरुवात केली. कंपनीचं काही बिघडलं नाही.

उत्तररात्र

पाण्यापुरतं मान्य. पाण्याच्या आकड्यात खरंच फारसं गुपित नसतं. विजेच्या बाबतीत उशीर वर्षाचा असेल आणि सगळ्यांना सारखाच नियम असेल तर माझ्या ओळखीतले बरेच जण तयार होतील. आम्ही एकट्यानेच द्यायचं आणि शेजारच्याने नाही, याला विरोध असतो.

खतावणी

सगळ्यांना सारखा नियम युरोपीय संघाने करून पाहिला आहे. ५०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त क्षमतेच्या केंद्रांनी वीज, पाणी, पुन्हा वापरलेली उष्णता, अक्षय ऊर्जेचा वाटा असं सगळं युरोपीय माहितीसाठ्यात भरायचं. पहिली मुदत १५ सप्टेंबर २०२४ होती, त्यानंतर दरवर्षी १५ मे. पण त्याच नियमात असंही आहे की एकेका केंद्राची माहिती गोपनीय ठेवायची आणि लोकांसमोर फक्त एकत्रित आकडे ठेवायचे. म्हणजे मोजमाप झालं, शासनाला कळलं, आणि ज्या गावात केंद्र आहे त्या गावाला पुन्हा सरासरीच मिळाली. मला या कायद्याबद्दल आदर आहे आणि या एका कलमाबद्दल तितकंच दुःख आहे.

बोरू

मी पत्रकार आहे, गेली काही वर्षं पाणी हाच विषय. आकडा मिळत नाही तेव्हा काय करायचं, ते इतरांनी कसं केलं त्यावरून शिकले.

उरुग्वेमध्ये गूगलच्या नियोजित केंद्राला किती पाणी लागणार हे विचारणाऱ्या एका संशोधकाला पर्यावरण मंत्रालयाने उत्तर दिलं नाही. तो न्यायालयात गेला. २०२३ मध्ये आकडा बाहेर आला: दिवसाला ७६ लाख लिटर. तेव्हा देशात मोठा दुष्काळ होता, राजधानीत नळाला खारट पाणी येत होतं. कंपनीने आधी हे प्राथमिक आकडे असल्याचं सांगितलं आणि पुढे आराखडा बदलून हवेने गार करायची पद्धत घेतली. आकडा कळला म्हणून चर्चा झाली, चर्चा झाली म्हणून आराखडा बदलला.

नेदरलँड्समध्ये मिडेनमीर इथल्या मायक्रोसॉफ्टच्या केंद्राबद्दल १.२ ते २ कोटी लिटर पाणी लागेल असं सांगितलं गेलं होतं. २०२१ मध्ये प्रत्यक्षात ८.४ कोटी लिटर गेलं. ते एका प्रादेशिक वर्तमानपत्राने शोधून काढलं.

अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये तर हवेतून पाहावं लागलं. एक्सएआय या इलॉन मस्क यांच्या एआय कंपनीच्या केंद्राला वीज पुरवायला वायूवर चालणारी टर्बाइन बसवली होती. किती, यावर वेगवेगळी उत्तरं मिळत होती. सदर्न एन्व्हायर्नमेंटल लॉ सेंटर या पर्यावरण-कायद्याच्या संस्थेने २०२५ मध्ये विमानातून छायाचित्रं काढून ३५ मोजली, आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्यातली ३३ गरम दिसली. जुलैमध्ये परवाना मिळाला तो १५ टर्बाइनना. पाण्याचा किंवा विजेचा आकडा लपवता येतो, पण चालणारं यंत्र गार ठेवता येत नाही.

अमेरिकेत काही पत्रकार डिझेल जनरेटरच्या हवा-परवान्यांवरून केंद्रं मोजतात. प्रत्येक केंद्राला वीज गेल्यावर लागणारे जनरेटर असतात, त्यांना परवाना लागतो, परवान्यात क्षमता लिहिलेली असते. मला ही युक्ती फार आवडते.

माझा स्वतःचा अनुभव कमी आनंदाचा. एका पाणीपुरवठा कार्यालयात मी लेखी अर्ज केला. साडेतीन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: 'सदर माहिती त्रयस्थ पक्षाच्या व्यापारी हिताशी संबंधित असल्याने देता येत नाही.' अपील केलं, तिथेही तेच. त्याच आठवड्यात त्या कार्यालयाच्या दारात टँकरसाठी बायका उभ्या होत्या. त्यांचा पाणीवापर मात्र नोंदवहीत नावानिशी होता.

त्रैराशिक

बोरू, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो थोडा वेळ. मी वर चुकीच्या आकड्यांबद्दल लिहिलं ते मागे घेत नाही, पण आकडा न देणाऱ्याची जबाबदारी मी कमी लेखली, हे मान्य करतो.

कंपन्या आता एका प्रश्नामागचा खर्च सांगू लागल्या आहेत, त्याचं काय मत आहे? गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनी या एआयच्या मध्यक (निम्मे त्याहून कमी खर्चाचे, निम्मे जास्त) मजकुरी प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज, ०.०३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.२६ मिलिलिटर पाणी, म्हणजे पाचेक थेंब, असं प्रसिद्ध केलं. त्याच्या महिनाभर आधी फ्रान्सच्या मिस्ट्राल या एआय कंपनीने ४०० टोकनच्या (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) एका उत्तराला १.१४ ग्रॅम कार्बन आणि ४५ मिलिलिटर सांगितलं. पाण्यात पावणेदोनशे पटीचा फरक!

खतावणी

तो फरक बराचसा कुंपण कुठे घातलं त्याचा आहे. गूगलने केंद्रात थेट वापरलेलं पाणी धरलं, वीजकेंद्रात गेलेलं नाही, आणि कार्बन बाजाराधारित. मिस्ट्रालने जीवनचक्राचा हिशोब केला, आणि प्रशिक्षणाचा वेगळा आकडाही दिला: त्यांच्या मोठ्या मॉडेलला १८ महिन्यांच्या वापरासकट २०.४ हजार टन कार्बन आणि २,८१,००० घनमीटर पाणी. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी छापणं चूक आहे, आणि मी ते निदान पाच ठिकाणी छापलेलं पाहिलंय.

गूगलने आपली पद्धत सविस्तर लिहिली याचं स्वागतच आहे. पण 'एका प्रश्नाला पाच थेंब' यातून किती प्रश्न ते कळत नाही. गुणाकाराचा दुसरा अंकच नाही.

पंपहाऊस

थेट आणि अप्रत्यक्ष पाण्याबद्दल एक आकडा जोडतो, सांजवाराताईंनी दिलेल्या बर्कलीच्या त्याच अहवालातला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डेटा सेंटरनी थेट सुमारे ६६ अब्ज लिटर पाणी वापरलं. त्यांच्या विजेच्या निर्मितीत गेलेलं पाणी सुमारे ८०० अब्ज लिटर. बारापट. म्हणून 'आमचं केंद्र शून्य पाण्यावर चालतं' हे वाक्य अर्धं आहे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ पासूनच्या नव्या आराखड्यांत कूलिंगसाठी पाणी उडवायचंच नाही असं ठरवलं आणि त्यातून दर केंद्रामागे वर्षाला १२.५ कोटी लिटरहून अधिक पाणी वाचेल असं सांगितलं. ते तंत्र चांगलं आहे, तहानलेल्या भागात तेच करायला हवं. मात्र वाफेऐवजी हवेने उष्णता काढायची तर वीज जास्त लागते. ती वीज कुठून येते त्यावर पाणी वाचलं की दुसऱ्या गावाला गेलं ते ठरतं. म्हणून दोन्ही मीटर एकाच पानावर हवेत.

कवडसा

मग बोरू, तुम्ही पुन्हा अर्ज करणार का?

बोरू

करते आहे. या वेळी असा मसुदा केलाय: 'गेल्या ३६ महिन्यांतील प्रत्येक महिन्याचा, सदर जोडणीवरील पाणीवापर लिटरमध्ये द्यावा. ग्राहकाचे नाव आवश्यक नाही, जोडणीचा व्यास आणि मंजूर कोटा द्यावा.' पंपहाऊस, तांत्रिक भाषेत काही राहिलं असेल तर सांगा.

पंपहाऊस

'पाणीवापर' हा शब्द काढा. त्याचा अर्थ ते सोयीने लावतील. दोन रकाने मागा: 'उचल', म्हणजे मीटरमधून आत गेलेलं, आणि 'सांडपाणी', म्हणजे गटारात परत सोडलेलं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे वाफ झालेलं, जे त्या खोऱ्यात परत येत नाही. सांडपाण्याचा मीटर वेगळा असतो आणि बहुधा वेगळ्या विभागाकडे असतो, म्हणून दोन अर्ज करा. मीटर बदलला असेल तर जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंगही मागा, नाहीतर मधला एक महिना गायब होतो. आणि पिण्याचं पाणी की प्रक्रिया केलेलं, हे विचारायला विसरू नका. प्रक्रिया केलेलं असेल तर तसं छापाही, ते त्यांच्या बाजूचं आहे.

बोरू

केलं. दोन अर्ज, दोन विभाग, सोमवारी देते. पोचपावती मिळाली की इथे लिहीन.